तूट गावात उशीर होऊन येते

आर्वीकडच्या एका मुलानं विचारलं आहे. नोकरी चाकणला, मत गावात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला तो घरी आला नाही, कारण फोनवर भावानंच सांगितलं, "आपलाच येते बे, कायले तिकिटाचे पैसे घालवतं?" आणि 'आपला' निवडूनही आला. आता वडिलांनी ठिबक बसवून वर्ष उलटलं, अनुदान खात्यात नाही. कृषी कार्यालयात गेलं की "वरूनच पैसा नाही" एवढंच ऐकून परत यावं लागतं. त्याचे प्रश्न तीन आहेत. काकाजी, सरकारजवळ खरंच पैसा नाही का? नसेल तर निवडणुकीत हे कोणी बोललं का नाही? आणि मी एक मत टाकलं असतं तर काय फरक पडला असता?

मी एका जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात एकतीस वर्षं काढली, शेवटची काही लेखाधिकारी म्हणून. त्याच काळात निवडणुकीची ड्यूटी चुकली असं एकदाही झालं नाही. म्हणजे बिलं अडतात ती जागा मी पाहिली आहे आणि मतं पडतात तीही. जे माहीत आहे ते सांगतो.

बाबू, सरकार बुडालेलं नाही, हे पहिले समजून घे. पारावर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो सगळं कंगाल झालं, दुसरा म्हणतो सरकारले काय कमी आहे, नोटा तेच तर छापते. (नोटा राज्य सरकार छापत नाही, पण ते सोड.) १० मार्च २०२५ ला मांडलेल्या अर्थसंकल्पात २०२५-२६ चा राज्याचा एकूण खर्च सात लाख कोटींचा धरला होता. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. तूट ४५,८९१ कोटी. वर्षाअखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा त्याच कागदांतला अंदाज. लोकसंख्या साडेबारा-तेरा कोटी धर, माणशी सत्तर हजारांच्या वर येते. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण राज्यातल्या सगळ्या लोकांच्या, शेतीच्या, उद्योगांच्या मिळून एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर हे कर्ज एकोणीस टक्क्यांच्या आत बसत होतं, आणि मर्यादा पंचवीस टक्क्यांची आहे. बँका या राज्याला आजही कर्ज देतात, उद्याही देतील.

मग अडतं कुठे? विहीर खोदायला कर्ज काढणं वेगळं आणि किराणा भरायला काढणं वेगळं. विहिरीचं कर्ज विहीर फेडते. महसुली तूट म्हणजे किराण्याचं कर्ज. त्यातही किराण्यातल्या काही गोष्टी थांबवता येत नाहीत. पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज, या तिघांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त पैसा जातो. (त्यात माझीही पेन्शन आहे, लपवत नाही.) त्यावर जाहीर झालेल्या मोठ्या योजना येतात. त्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीसाठी ३६,००० कोटी होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज, २०२४ ला जाहीर करताना तिचा वर्षाचा खर्च १४,७६१ कोटी सांगितला होता. यातलं काहीही एक महिना चुकवलं तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर लोक येतात.

उरतं ते ज्याला उशीर केला तरी बोंब होत नाही. ठिबकचं अनुदान, सिंचन विहिरीचं बिल, पोरांची शिष्यवृत्ती, ठेकेदाराचं देयक, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे गळके टिन. शिक्षकाचा पगार पाच तारखेपर्यंत झाला नाही तर संघटनेचं निवेदन टेबलावर येतं. तुझ्या वडिलांचं अनुदान वर्षभर आलं नाही तर वडील फक्त तिसऱ्यांदा चौकशीला जातात. सरकारची तूट गावात कर होऊन येत नाही रे, उशीर होऊन येते. म्हणून ती कोणाला दिसत नाही आणि म्हणून तिच्यावर कोणी मतही देत नाही.

हा उशीर कसा तयार होतो ते एकदा पाहा. अर्थसंकल्पात योजनेपुढे रक्कम लिहिलेली असते, पण लिहिलेली रक्कम म्हणजे पैसा नव्हे. वित्त विभाग वर्षभरात टप्प्याटप्प्यानं ती सोडतो. हात आखडता असला की सांगतो, आता तरतुदीच्या इतकेच टक्के वापरा. सोडलेली रक्कम बीम्स नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसते. तिथे शून्य असेल तर खालच्या कुठल्याही साहेबाची सही कामाची नाही. आमदाराचं पत्रही नाही. "वरूनच पैसा नाही" याचा कार्यालयीन अर्थ एवढाच, की बीम्सवर त्या लेखाशीर्षाला, म्हणजे त्या योजनेच्या खर्चाच्या खात्याला, रक्कम आलेली नाही.

एका ३१ मार्चची गोष्ट सांगतो. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांच्या विहिरींची योजना होती. यादीत एकशे बारा नावं, सगळ्यांची कामं झालेली, मोजमाप पुस्तिका भरलेल्या. वर्षभर तुकड्या-तुकड्यांत थोडंबहुत आलं होतं. त्या रात्री आम्ही सातजण कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. कोषागार उशिरापर्यंत चालू होतं, त्यांचेही डोळे तिथेच. साडेनऊच्या सुमारास आमचा कनिष्ठ लेखाधिकारी ओरडला, "सर, पडलं!" पाहतो तर लागणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही. बिलं ज्या तारखेला आली त्या क्रमानं यादी लावली, कॅल्क्युलेटरवर बेरीज करत खाली सरकलो आणि चौतिसाव्या नावाखाली लाल पेनानं रेघ मारली. त्या रेघेत कोणाचीही लबाडी नव्हती, पक्षपात नव्हता. सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा पस्तिसाव्या नावाचा माणूस बाहेरच्या बाकावर बसून होता. खांद्यावर दुपट्टा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. त्याला म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की. तो म्हणाला, "सायेब, विहिरीवाल्याचं व्याज पुढच्या वर्षीवर नाई ना थांबत."

ते व्याज राज्याच्या कर्जात कुठेच मोजलं जात नाही. सरकारनं नऊ टक्क्यांनी घ्यायचं कर्ज घेतलं नाही, म्हणून त्या माणसानं सावकाराकडून शेकडा तीननं घेतलं. महिन्याला तीन. अर्थसंकल्पातली तूट त्या दिवशी तेवढी कमी दिसली.

आता दुसरा प्रश्न. निवडणुकीत कोणी बोललं का नाही? कारण बोलण्यात कोणाचाच फायदा नव्हता. २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण जाहीर झाली, महिना १,५०० रुपये. त्यानंतर बारा दिवसांच्या आत, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाच्या वर मागितलेला पैसा, सभागृहात आल्या. जेवून उठलेल्या माणसानं हात धुवायच्या आधी दुसरं ताट मागावं, तसं ते होतं. लेखा विभागात काम केलेल्या माणसाला एवढ्यावरूनच पुढचं कळतं. मग प्रचार आला. सत्तेतले म्हणाले, १,५०० चे २,१०० करू, शेतकऱ्याची कर्जमाफी करू. विरोधातले म्हणाले, आम्ही ३,००० देऊ, तीन लाखांपर्यंत कर्ज माफ करू. पोळ्याला बैलाच्या बाजारात बोली चढावी तशी चढली. पैसा कुठून आणणार, हे एकानंही सांगितलं नाही, आणि खरं बोलायचं तर आपणही विचारलं नाही. मी माझ्या गावात तीन सभा ऐकल्या, तीन वेगवेगळ्या पक्षांच्या. एकाही सभेत हा प्रश्न आला नाही. माझ्याही तोंडून नाही. निवृत्त माणूस, कशाला उगाच वाईटपणा घ्या, असं वाटलं.

आपल्याकडची ही बेफिकिरी आहे. शहरात बेफिकिरी म्हणजे मतदानाच्या दिवशी सुट्टी घेऊन झोपणं. विदर्भातलं खेडं तसं नाही. गडचिरोलीत दूरच्या केंद्रांवर दुपारी तीनलाच मतदान संपतं, तरी त्या जिल्ह्याचा टक्का सत्तरीच्या पुढे गेला. राज्याचाच टक्का २०१९ च्या एकसष्टवरून सहासष्टवर आला. आपण मत टाकायला जातो. टाकून आलो की हिशेब संपला, असं समजतो. "सरकार कोणाचं बी येवो, आपल्याले वावरातच जा लागते," हे वाक्य मी प्रत्येक केंद्रावर ऐकलं आहे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्याच्या पोटात एक आळस आहे.

दुसरी बेफिकिरी तुझ्या भावाची, 'आपलाच येते'वाली. ती कोणत्याच पक्षाच्या माणसाला सोडत नाही. २०२४ च्या लोकसभेला विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, आणि त्यांचे कार्यकर्ते पानठेल्यावर म्हणायला लागले, आता विधानसभा खिशातच. सहा महिन्यांत ६२ जागांच्या विदर्भात पारडं उलटं फिरलं. राज्यभरात महायुतीला २८८ पैकी २३० जागा. आता तेवढाच आत्मविश्वास दुसऱ्या बाजूच्या पानठेल्यावर आहे.

एका मतानं काय होतं म्हणतोस, तर भंडारा जिल्ह्यातलं साकोली पाहा. नाना पटोले तिथे २०८ मतांनी निवडून आले. तेव्हा ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते, लहानसहान उमेदवार नव्हते. बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ मतांनी. राज्यात त्या वेळी एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. साकोलीचा निकाल केंद्रामागे एक मतही इकडचं तिकडे न होता लागला. चाकणला, पुण्याला, हैदराबादला गेलेली पोरं प्रत्येक गावात एकापेक्षा जास्त असतात.

पण खरं सांगू, मला विजयापेक्षा फरकाची काळजी जास्त. ज्या आमदाराला आठशे मतांनी जागा मिळते तो पाच वर्षं पस्तिसाव्या नावाच्या माणसाचं ऐकतो. ज्याला साठ हजारांनी मिळते त्याला ऐकायची गरज नसते. बिलं काढायला आमदारांचे फोन आम्हाला यायचे ना, त्यात हे स्पष्ट दिसायचं. मंत्रालयातून रक्कम सोडवून आणायला धडपडणारे बहुतेक काठावर निवडून आलेले. बाकीच्यांचे पीए फोन करत.

एका विधानसभेची संध्याकाळ आठवते. सहाला मतदान बंद. त्या क्षणी रांगेत जो आहे त्याला मत देता येतं, मग रात्रीचे आठ वाजोत. त्यासाठी केंद्राध्यक्षानं सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या असतात, आणि त्या रांगेच्या शेवटून वाटायच्या. शेवटच्या माणसाला एक नंबर, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. मी रांगेच्या टोकाला गेलो तर एक बाई धापा टाकत उभी. कापूस वेचून थेट आलेली, कमरेची ओटी सोडायचीही राहिली होती, कापसाची बोंडं तिच्यात तशीच. एक नंबरची चिठ्ठी तिला. माझा शिपाई म्हणाला, "मावशी, सकाळीच येऊन जायचं ना." ती म्हणाली, "सकाळी येती तं रोजी बुडती." तिला हे मत शंभर-दीडशे रुपयांना पडता पडता राहिलं होतं, तरी ती आली. तुझ्या तिकिटाचा विषय निघाला म्हणून आठवलं, टोमणा मारायचा म्हणून नाही.

आता निवडणूक झाल्यावर काय झालं ते पाहा, कारण तूट लपून राहत नाही. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आणखी ३५,७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या. मार्चमध्ये अजित पवारांनी, जे अर्थमंत्री म्हणून खजिना सांभाळत होते, शेतकऱ्यांना सरळ सांगितलं, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. एक रुपयातला पीकविमा खरीप २०२५ पासून बंद; कापसाला पुन्हा पाच टक्के हप्ता. ज्या बहिणीला पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून महिन्याला हजार मिळतात तिला लाडकीचे पाचशेच. जूनमध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, १४,००० कोटी मिळतील म्हणून. (वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी, म्हणजे कागदोपत्री आमच्याकडून त्यात एक रुपयाही जात नाही. बाकी तुलाही माहीत आहे.) आणि मे महिन्यात लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्यायचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी वळवले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. मला तो आकडा वाचून लाल रेघ आठवली. मेळघाटातल्या आश्रमशाळेची चादर आणि धारणीच्या बाईचे दीड हजार एकाच गाठोड्यातून निघत होते, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं घरी बायकोपुढे बोललो तर ती म्हणाली, "तुम्हाला महिन्याच्या एक तारखेला पेन्शन पडते म्हणून तूट मोजायला वेळ आहे. शेजारच्या कमळीच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसा आला." तिचं खोटं नाही. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. पण एक हिशेब मांडतो. त्या निवडणुकीच्या आसपास सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि आपल्या बाजारात चार हजार, फार तर चार हजार दोनशेनं जात होतं. पाच एकरात पंचवीस क्विंटल झालं तर क्विंटलमागे आठशेनं वीस हजार गेले. त्याच घरात बहिणीचे वर्षाचे अठरा हजार आले. नवऱ्याच्या खिशातून गेलेलं दिसत नाही, कारण ते आलंच नव्हतं. बायकोच्या खात्यात आलेलं दिसतं, मोबाइलवर मेसेज येतो. मेसेजवर मत पडतं.

योजना अशीच करावी लागते, असंही नाही. याच राज्यानं १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी केली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. तिचा कायदा १९७७ चा. पण त्याच्या आधी, १९७५ ला, नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर लावला आणि तो पैसा हमीच्या कामाला बांधून टाकला. माझ्या पगारातून दर महिन्याला तो कटायचा, पावतीवर दिसायचा. मुंबईचा कारकून दारव्ह्याच्या मजुराला पैसे देत होता आणि दोघांनाही ते माहीत होतं. आता द्यायचं सांगतात, घ्यायचं कोणाकडून ते नाही.

उशिराची किंमत किती होते हे पाहायचं असेल तर गोसीखुर्दच्या धरणावर जाऊन ये. १९८८ ला भूमिपूजन झालं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. मधे एकदा सुधारून तो १८,४९४ कोटींवर गेला. लाल रेघ दरवर्षी मारली की असं होतं. सिंचनाच्या आकड्यांवर मी जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला तर कर्जमाफीबद्दल विचारू नको, ते तो हो म्हणणारच. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरजवळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावले तेव्हा कुठे कर्जमाफीला ३० जून २०२६ ही तारीख मिळाली होती. त्याला एवढंच विचार: आपल्या तालुक्यात कोणत्या योजनेची किती बिलं थकली आहेत, आणि तू निवडून आलास तर त्यातली आधी कोणती काढशील? याचं उत्तर देता येत नसेल तर तो तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलेलाच नाही, हे तुला कळेल. आणि हा प्रश्न घरातल्या चारजणांनी वेगवेगळ्या दिवशी विचारायचा. एकानं विचारला तर तो चहा पिऊन निघून जातो.

आता तुझ्या वडिलांचं. ठिबकमध्ये दोन वेगवेगळी अनुदानं असतात, हे कार्यालयात सहसा कोणी सांगत नाही. अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के मूळ अनुदान केंद्राच्या योजनेतून, त्यात राज्याचाही वाटा असतो, आणि वरचं २५ टक्के राज्याचं पूरक अनुदान. दोन्ही एका दिवशी येतीलच असं नाही. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून मोका तपासणी (शेतात येऊन केलेली पाहणी) झाल्याची नोंद आहे का ते आधी पाहा. ती नसेल तर पैसा येऊनही तुमचं नाव यादीत जाणार नाही. नोंद असेल तर कार्यालयात विचारायचं, मूळ अनुदानाचं देयक कोषागारात गेलं का, आणि पूरक कोणत्या वर्षाच्या यादीत आहे. आणि पासबुक भरून आण. माझ्याकडे आलेल्या चौघांपैकी एकाचे मूळ अनुदानाचे पैसे पाच महिन्यांपूर्वीच जमा होते, बँकेनं ते जुन्या पीककर्जात वळते केले होते, आणि तो बिचारा सरकारला शिव्या देत फिरत होता.